फाटलेले एकशे त्र्याण्णव

२ फेब्रुवारी

आत्या,

वाकून नमस्कार, कंबर परवानगी देते तिथपर्यंत, उरलेला मनातून.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू ड्रॉवरमध्ये झोपवून ठेवलंयस, तेव्हा आपली ही पत्रं चालूच राहणार. माझी तक्रार नाही. कागदावर खाडाखोड दिसते, बोलण्यात ती लपून जाते.

इतकी वर्षं भर घालत आलो ती साइट अखेर पूर्ण तयार आहे. तुझ्या हातचे एकशे त्र्याण्णव रफू, प्रत्येकाचे दोन फोटो: एक फाटलेल्या कपड्याचा, एक रफू झाल्यानंतरचा. एकूण तीनशे शहाऐंशी. दोन्ही फोटो एकावर एक ठेवलेत आणि मध्ये उभी पट्टी आहे. पट्टी एका बाजूला नेली की भोक दिसतं, दुसऱ्या बाजूला नेली की भोक गायब. ही सरकपट्टी मी स्वतः लिहिली. तयार मिळतात, त्यातल्या अकरा तपासल्या, पण एकीचेही दोन फोटो धाग्याला धागा जुळेनात. पंचवीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करून शून्यावर आणणाऱ्या माणसाला ‘साधारण जुळतं’ हे चालत नाही.

तू विचारलंस, ही सिस्टिम कोणाची? कोणा एकाची नाही. साइट बांधायची, तिच्यात पानं आणि फोटो लावून ठेवायचे, यासाठीचं हे मोठं कपाट जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलंय आणि फुकट ठेवलंय. आतली प्रत्येक ओळ उघडी. ज्याला हवं त्याने वाचावं, बदलावं, सुधारून परत ठेवावं. मी ते कुठल्याही वर्गात न जाता शिकलो, हे तुला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो. या लोकांचा एक चर्चेचा फळा आहे, तिथे नवशिके प्रश्न टाकतात. आजवर त्यांना मी दोनशे चौदा उत्तरं दिली आहेत.

तुझा फोन ‘जागा भरली’ म्हणून सारखा रडत होता, म्हणून मागच्या खेपेला त्यातले आणि कार्डावरचे फोटो मी पुसून टाकले. ते कार्ड आता माझ्या कॅमेऱ्यात कामाला लागलंय. काळजी नको. सगळं साइटवर आहे आणि रोज पहाटे चारला तिचा बॅकअप, म्हणजे दुसरी प्रत, आपोआप निघतो.

एक जुनीच तक्रार. तू प्रत्येक फोटोत भोक बरोबर मधोमध का धरतेस? जरा बाजूला धरलं की फोटो नजरेला बरा वाटतो, हे मी तुला दहा वेळा सांगितलं. तरी एकशे त्र्याण्णवांत एकही भोक सूतभर इकडेतिकडे नाही!

प्रशिक्षण केंद्राच्या बाई ४ मार्चला साइट बघणार ना? त्याआधी येत्या रविवारी मी फोटोंच्या खणाची साफसफाई करून घेतो. पाहुणे यायचे तर घर आवरलेलं हवं.

तुझा भाचा


७ फेब्रुवारी

काटेकोरा,

पत्र पोचलं. आकड्यांशिवाय तुझं एक वाक्य पुरं होत नाही. लहानपणी जेवायला बसलास तरी घास मोजायचास, तुझी आई वैतागायची.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी कागदावर लिहूनच दिलं: बारीक काम बंद. नजरेच्या मधोमध डाग पडलाय, तो आता जायचा नाही. कडेचं सगळं दिसतं, जे बघायला जावं तेच दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक नाही.

म्हणून त्या साइटचं मला महत्त्व. आमच्या कामाची गंमत अशी, की नीट झालं तर ते दिसतच नाही. कोट गिऱ्हाइकाच्या अंगावर जातो, गिऱ्हाईक भोक विसरतं, मला विसरतं. चाळीस वर्षं मी काय केलं ते दाखवायला माझ्याकडे दुसरं काही नाही. मी आता सुई धरत नाही, हे केंद्राच्या बाईंना माहीत आहे. मला रफू शिकवायचा वर्ग द्यायचा की नाही, ते त्या फोटोंवरूनच ठरवणार आहेत. दुसरी एक जण आहे म्हणे, तिचे हात अजून चालतात. माझे फोटो चालले पाहिजेत.

मधोमध का, ते ऐक. बघणाऱ्याने भोक शोधत बसू नये म्हणून. कपडा टेबलावर पसरायचा, चौकटीच्या चारही कडांपासून पट्टीने माप घ्यायचं, मग फोटो. रफू झाल्यावर तोच कपडा, तीच मापं, पुन्हा फोटो. तू फक्त वजनाच्या बाबतीत काटेकोर आहेस, बाकी ठिकाणी तुला सौंदर्य सुचतं.

त्या फुकटच्या कपाटाबद्दल एक विचारायचंय. सगळ्यांचं आहे म्हणतोस, मग चुकलं तर धरायचं कोणाला?

आणि साफसफाई जपून कर. भोक पडलेल्या कोटाला जुळणारा धागा दुकानात मिळत नाही. तो त्याच कोटाच्या शिवणीत मिळतो, आत दुमडून ठेवलेल्या कापडात. तुम्हा नीटनेटक्या लोकांना ते जादाचं वाटतं. मी आजवर कापलेला धागा फेकलेला नाही.

आत्या


१० फेब्रुवारी
(हे पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, पेटीत टाकलं नाही.)

आत्या,

तुझं पत्र आज दुपारी आलं. साफसफाई काल झाली.

जसं घडलं तसं लिहितो. साडेदहा वाजता मी ‘न वापरलेले फोटो शोधा’ हे अवजार चालवलं. ते मी लिहिलेलं नाही, फळ्यावरच्याच लोकांनी लिहिलंय, नावाजलेलं आहे. त्याने दोनशे सदतीस फोटोंची यादी काढली. मी पहिले चाळीस उघडून पाहिले. सगळे टाकाऊ, हललेले, एकाच कपड्याचे दोनदा चढवलेले. अवजार बरोबर चाललंय अशी माझी खात्री पटली. सगळ्यांवर खूण केली आणि ‘कायमचे काढा’ दाबलं. ‘नक्की?’ असं त्याने विचारलं. नक्की, म्हणालो.

टाकाऊ फोटो चव्वेचाळीस होते. मी आणखी पाचच उघडले असते तर थांबलो असतो. पंचेचाळिसाव्यापासून पुढे तुझे होते. फाटलेल्या कपड्यांचे, एकशे त्र्याण्णवच्या एकशे त्र्याण्णव.

का, तेही सांगतो. ते अवजार पानापानांत जाऊन कुठला फोटो लावलाय ते बघतं. रफू झाल्यानंतरचे फोटो पानांवर रीतसर लावलेले होते, ते वाचले. फाटलेले मात्र पानावर नव्हतेच. माझी सरकपट्टी त्यांना क्रमांकाने हाक मारून ऐनवेळी आणायची. ही हाक फक्त मला माहीत. अवजाराला वाटलं, यांना कोणी विचारत नाही. अवजार चुकलं नाही, पट्टीही चुकली नाही. दोघांना एका घरात आणून ओळख करून न देणारा मी.

बॅकअप पाहिला. त्यात मजकूर आहे, फोटो नाहीत. फोटोंनी फाईल जड होते म्हणून ‘फोटोंसह’ ही खूण दोन वर्षांपूर्वी मीच काढून टाकली होती. पहाटे चारला रोज तो नेमाने तुझा मजकूर जपत राहिला. तुझा फोन मी पुसला. कार्ड पुसून त्यावर माझ्या दुकानातल्या काट्यांचे फोटो भरले. माझ्या संगणकावर मी प्रत ठेवलीच नव्हती. एक वस्तू दोन ठिकाणी असणं मला गबाळेपणाचं वाटतं.

आता साइटवर एकशे त्र्याण्णव धडधाकट कपडे आहेत. पट्टी सरकवली की करडा चौकोन येतो. तू चाळीस वर्षं काय केलंस असं कोणी विचारलं तर साइट म्हणते, काही नाही, हिच्याकडे चांगले कपडे होते.

४ मार्चला बावीस दिवस आहेत.

तुझा भाचा


११ फेब्रुवारी

आत्या,

पत्र मिळालं. डोळ्यांचं वाचून वाईट वाटलं. डॉक्टरांचं ऐक.

साइटचं काम व्यवस्थित चालू आहे. किरकोळ तांत्रिक बदल करतोय, त्यामुळे सध्या ती उघडून बघू नकोस. केंद्राच्या बाईंना तारीख थोडी पुढे नेता येईल का, विचारून बघ. घाई नाही, सहज सुचलं.

इकडे हवा बरी आहे. दुकानात काम बेताचंच. काळजी घे.

तुझा भाचा


१५ फेब्रुवारी

काटेकोरा,

तुझ्या पत्रात एकही आकडा नाही. आधी वाटलं तुला ताप आला. मग पत्र पुन्हा भिंगाखाली धरलं. ‘किरकोळ’, ‘थोडी’, ‘बेताचं’. अरे, ‘थोडी’ म्हणणाऱ्याला तू दुकानातून हाकलून देतोस!

बघू नकोस म्हणालास, म्हणून लगेच वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी मोठ्या पडद्यावर साइट उघडून दिली. मला कडेकडेचंच दिसतं, म्हणून त्यांनाच म्हटलं, काय दिसतं ते कागदावर लिहा. त्यांनी लिहिलं: ‘कोट छान आहे. शाल छान आहे. गणवेश छान आहे.’ पट्टी सरकवायला सांगितली. त्यांनी लिहिलं: ‘करडा रंग.’ असं सतरा कपड्यांचं झालं. मग त्या बिचाऱ्यांनी खाली लिहिलं, तुमचं कपड्यांचं दुकान आहे का?

फाटलेले कुठे गेले?

रफू करणारीला रफू दाखवून फसवायला निघालास. तुझा टाका मला पहिल्या ओळीत दिसला. केंद्राच्या बाईंना तारीख बदलायला मी सांगणार नाही. वर्गासाठी ती दुसरी तयारच बसलीय. आकडे घालून पत्र लिही.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

सोबत १० तारखेचं पत्र जोडलंय. ते आधी वाच, मग हे. त्यात सगळे आकडे आहेत. न टाकल्याबद्दल माफी मागतो. ११ तारखेच्या पत्राबद्दल वेगळी मागतो, कारण ती चूक नव्हती, ते मी ठरवून केलं होतं.

आता पुढचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी फळ्यावर प्रश्न टाकला. प्रश्न तीन ओळींचा, पण तो पाठवायला मला दीड तास लागला. ज्या ठिकाणी दोनशे चौदा वेळा ‘आधी नीट वाचा, मग विचारा’ अशा सुरात बोललो, तिथे तोंड उघडून ‘माझ्याकडून फोटो उडाले’ म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारा कुठल्या देशातला, तरुण की म्हातारा, मला ठाऊक नाही. साफसफाईचं ते अवजार लिहिणाऱ्यांपैकी एक आहे. त्याने लिहिलं: ‘दोन वर्षांपूर्वी याच फळ्यावर एका गृहस्थांनी एका नवशिक्याला सांगितलं होतं की थीम बदलली की जुन्या मापाच्या छोट्या प्रती फोल्डरमध्ये पडून राहतात. यादीत दिसत नाहीत, त्यामुळे आमच्या अवजारालाही सापडत नाहीत. हा कचरा आहे, हाताने काढून टाका, असा त्यांचा सल्ला होता. तो सल्ला तुम्ही मानला नसेल, तर तुमचे फोटो तिथे असतील. ते गृहस्थ तुम्हीच आहात असं दिसतं.’

तू विचारलं होतंस, चुकलं तर धरायचं कोणाला. धरला गेलो मीच, तेही माझ्याच उत्तरात.

थीम म्हणजे साइटचा पोशाख. फोटो चढवला की सिस्टिम त्याच्या लहानमोठ्या प्रती कापते, पोशाखाला लागतील तशा. जुना पोशाख मी दोन वर्षांपूर्वी बदलला. त्याच्यासाठी कापलेल्या प्रती काढून टाकायचं काम माझ्या यादीत चौदावं होतं. मी तेराव्यापर्यंत पोचलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा काम मागे पडल्याचा आनंद झाला.

फोल्डर उघडलं. प्रती होत्या. पण त्या लहान आणि चौकोनी, तीनशे बाय तीनशे ठिपक्यांच्या, कडेचं सगळं उडवून फोटोच्या मधूनच कापलेल्या. उघडायला भीती वाटली. पहिला उघडला, करडा कोट, डावी बाही: भोक मधोमध. दुसरा, लोकरी शाल: भोक मधोमध. एकशे एकतीस उघडले, एकशे एकतीस वेळा भोक मधोमध. माझं ऐकून तू ते जरा बाजूला धरलं असतंस, तर आज माझ्या हाती एकशे एकतीस धड कापडाचे चौकोन आले असते.

रफू झालेले फोटोही मी त्याच मापात कापून पट्टीला जोडले. पूर्वीइतके मोठे नाहीत, पण धाग्याला धागा जुळतो.

आता वाईट बातमी. उरलेले बासष्ट नव्या थीमनंतर चढवले होते, त्यांची ती प्रत कधी निघालीच नाही. ते गेले. माझं म्हणणं, ती बासष्ट पानं काढून टाकू. एकशे एकतीस रफू काही कमी नाहीत. बाईंना कळणारही नाही. तुझ्या होकाराची वाट बघतो.

तुझा भाचा


२३ फेब्रुवारी

काटेकोरा,

दोन्ही पत्रं वाचली, भिंगाने, दोन दिवस लागले. वाचताना आधी रडले, मग तो परदेशातला माणूस ‘ते गृहस्थ तुम्हीच’ म्हणाला तिथे एवढी हसले की शेजारीण बघायला आली.

शिवणीतलं कापड सापडलं तुला. बरं झालं, चौदावं काम राहिलं.

पानं काढायची नाहीत. ते बासष्ट रफू मी केलेत. त्यातले शेवटचे वीस नजर जायला लागल्यावर केले, एकेकाला आठवडा लागला. ते केलेच नाहीत असं मी म्हणू?

आणि ‘बाईंना कळणारही नाही’ हे मला सांगू नकोस. माझं काम जगाला दिसू नये असंच असतं. पण कपडा परत देताना मी पावतीवर लिहून द्यायचे: ‘डाव्या बाहीला भोक होतं, रफू केलं आहे.’ दर वेळी. गिऱ्हाइकं म्हणायची, लिहिता कशाला, दिसत तर नाही! मी म्हणायचे, रस्त्यावरच्या माणसाला दिसू नये, कपडा ज्याचा आहे त्याला माहीत असावं.

फोटो गेल्याचं मला दुःख आहे, पण ते तुझ्या हातून गेले आणि हात आहे तर चुकणार. ११ तारखेच्या पत्राचं दुःख जास्त आहे. त्यात पावती नव्हती.

बासष्ट करड्या चौकोनांत लिही काय झालं ते. तुझ्या शब्दांत, आकड्यांसकट.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

लिहिलं. प्रत्येक चौकोनात हा मजकूर आहे: ‘हा कपडा फाटलेला असतानाचा फोटो ९ फेब्रुवारीला साइट सांभाळणाऱ्याने न तपासता काढून टाकला. असे बासष्ट फोटो गेले. रफू खरा आहे, चूक माझी आहे.’ आठ वेळा खोडून लिहिला. आधीच्या खर्ड्यांत ‘तांत्रिक कारणाने’ असे शब्द होते. ते वाचून तू काय म्हणशील ते मला ऐकू आलं.

बॅकअपमध्ये आता फोटो आहेत. एक प्रत माझ्या संगणकावर, एक दुकानातल्या कपाटात, एक तुझ्याकडे पाठवतोय. डबीत घालून ठेव, पुसायला कोणाला देऊ नकोस, मलाही नाही. सरकपट्टी दुरुस्त केली, आता ती वापरते ते फोटो अवजाराला दिसतात. पट्टी मी फळ्यावर ठेवली, हवी त्याने घ्यावी. आणि माझ्या त्या जुन्या उत्तराखाली दोनशे पंधरावं उत्तर लिहिलं: ‘वरचा सल्ला अर्धवट होता. कचरा म्हणण्याआधी उघडून बघा. सगळे उघडा, चाळीस नव्हे.’

४ तारखेला मी यायला हवं का? दुकान बंद ठेवतो.

तुझा भाचा


५ मार्च

काटेकोरा,

आला नाहीस तेच बरं. तू असतास तर मधे बोलला असतास.

केंद्राच्या बाईंना मी वाचनालयातच बोलावलं, मोठा पडदा आहे म्हणून. त्या माझ्याशी कागदावर लिहून बोलत होत्या. अक्षर मोठं आणि ठसठशीत, बरं वाटलं. एकशे एकतीस कपड्यांवर त्यांनी पट्टी इकडून तिकडे, तिकडून इकडे एवढी सरकवली की वाचनालयाच्या बाई खुर्ची घेऊन शेजारी येऊन बसल्या.

मग तुझा चौकोन आला. बाईंनी तो वाचला, पुढचाही तोच, त्याच्या पुढचाही. कागदावर लिहिलं: ‘भाचा सरळ माणूस दिसतो.’ मी म्हटलं, उसवून पुन्हा शिवलाय.

मला वाटलं, आता त्या हे बासष्ट सोडून देणार. पण त्या तिथेच थांबल्या. लिहिलं: ‘आधीचा फोटो नाही, त्यामुळे रफू कुठे आहे ते मला शोधून सापडत नाही. तुम्ही दाखवाल?’

माझी अवस्था तुला माहीत आहे. जिथे बघायचं तिथेच धुकं. समोर कोट आहे की पडदा, मला कळत नव्हतं. पण फोटोच्या चारही कडा दिसत होत्या. डावीउजवीकडून सारखं, वरूनखालून सारखं, तिथे मी बोट टेकवलं. वाचनालयाच्या बाईंनी ती जागा मोठी केली, अजून मोठी केली. शेवटी एका धाग्याची चाल जराशी वेगळी दिसली म्हणे. बाईंनी दुसरा कपडा काढला. बोट. तिसरा. बोट. नऊ कपडे झाले, नऊ वेळा बरोबर. दहाव्याला त्यांनीच थांबवलं.

वर्ग जूनपासून आहे. बारा जणी. सुई त्यांनी धरायची, बोलायचं मी. पहिल्या दिवशी धडधाकट कोटाची शिवण उसवून आतलं कापड काढायला लावणार, रडल्या तरी चालेल. साइट शिकवण्यासाठी वापरणार आहेत, तेव्हा तुझे चौकोन त्या बारा जणीही वाचतील. तयार राहा.

निघताना बाई वाचनालयाच्या बाईंकडे वळून म्हणाल्या, ‘या वयात नजर काय तीक्ष्ण आहे हो यांची!’ कडेने बघितलं की मला ओठ वाचता येतात, सगळं कळलं. पण ऐकू न येण्याचा कधीतरी फायदा व्हायला हवा ना? मी पिशवी उचलली आणि निघाले. बारीक काम बंद आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. किती बंद, ते वर्गाच्या पहिल्या दिवशी मीच सांगणार आहे, वर्ग सुरू झाल्यावर.

पावतीचं काय, असं तू विचारशीलच. हे पत्र म्हणजे पावती. दोन ठिकाणी ठेव.

आत्या